उलट्या सावल्या

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. माझ्या पाचच्या बटणावरचा आकडा पुसून गेला आहे आणि रिसीव्हरच्या वायरीचे वेटोळे सैल होऊन लोंबते आहे. तुमच्या घरातल्या फोनसारखा मी खिशात मावत नाही, फोटो काढत नाही, गाणी वाजवत नाही. ऐकणे आणि ऐकवणे, एवढी दोनच कामे मला येतात. पण या दोन कामांतून एका भल्या माणसाचे काय झाले, ते मी पाहिले आहे. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओळीने बसलेल्या बायकांच्या हातांखालून सरकत सरकत मी तयार झालो. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझे एकेक बटण दाबून पाहिले, मला कानाला लावले आणि शेजारणीला म्हणाली, "हा चांगला वाजतोय गं." आयुष्यातली माझी पहिली शाबासकी ती! मग मला खोक्यात घातले आणि मी एका दुकानाच्या फळीवर जाऊन बसलो.

तिथून मला बहीण-भावाच्या एका जोडीने आणले. इस्त्रीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून दिवसभर वाफेचा वास येई. आतल्या खोलीत भाऊ बसे, बाहेरच्या खोलीत बहीण. ती त्याला दादा म्हणे आणि फोनवरची बहुतेक माणसे तिला ताई म्हणत. या दोघांची मिळून एक छोटीशी कंपनी होती, आणि तिचा एकच माल होता: कॉम्प्युटरवर चालणारा एक प्रोग्राम. त्याचे नाव 'उजेड'.

उजेडचे काम मोठे गमतीचे होते. घर बांधायचे म्हणजे आधी नकाशा काढतात, आणि नकाशात असतात नुसत्या रेघा. त्या रेघांवरून उजेड अख्खे घर उभे करून दाखवी. खिडकीतून आत आलेले ऊन, फरशीची चमक, जिन्याखालचा अंधार, सगळे हुबेहूब. ज्या घराचा पायाही खणलेला नाही, त्याचा जणू फोटोच! या कामाला ते दोघे रेंडरिंग म्हणत. ऊन काचेतून जाताना कसे वळते, एवढे एकच गणित सोडवायला दादाने पावणेदोन वर्षे घालवली होती. जेवताना तो पाण्याचा पेला खिडकीशी धरून बसे आणि ताई म्हणे, "अरे, बघतोस काय? पी ते."

मला ताईच्या टेबलावर ठेवले. माझा नंबर उजेडच्या प्रत्येक खोक्यावर छापला होता आणि वर लिहिले होते, 'अडचण आली तर फोन करा'. मी मदतीचा फोन होतो, मित्रांनो. याचा मला फार अभिमान वाटे.

आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे नकाशेकाका. हे नाव ताईनेच ठेवले होते. साठी उलटलेले गृहस्थ, घरीच एका खोलीत बसून नकाशे काढायचे. जन्मभर हाताने काम केलेले, त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजे त्यांना परका प्राणी. ते फोन करत आणि सावकाश म्हणत, "पोरी, ते उंदराचं उजवं बटण म्हणजे माझ्या उजवीकडचं की उंदराच्या?" ताई खळखळून हसे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगे. ते सगळे वहीत लिहून घेत. पण त्यांची नजर पक्की होती. एकदा म्हणाले, "पोरी, तुमच्या उजेडात संध्याकाळची काच काळी पडते. काच काळी नाही पडत गं, तांबूस होते." दादाने तपासले, तर खरेच चूक निघाली! त्या दिवशी दादाने स्वतः रिसीव्हर उचलून त्यांचे आभार मानले. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे फोन वाढले. ताई हरखली. पण काही फोन विचित्र असत.

"तुमचं उजेड उघडत नाहीये."

"परवाना क्रमांक सांगता का?"

"तो कुठे असतो?"

"खोक्याच्या आतल्या कागदावर."

"खोकं कुठलं? आम्हाला तर डिस्क मिळाली नुसती."

हळूहळू उलगडा झाला. बाजारात चोरट्या डिस्क विकल्या जात होत्या. एकेका डिस्कवर पन्नास-पन्नास प्रोग्राम कोंबलेले आणि त्यांत आमचा उजेडही. यावर कडी म्हणजे, विकणाऱ्याने पाकिटावर मदतीसाठी आमचाच नंबर छापला होता! माल चोरायचा त्याने आणि निस्तरायचे आम्ही. एका शिकवणी वर्गाच्या मास्तरांनी तर कहर केला. एकाच चोरट्या डिस्कवरून त्यांनी तीस कॉम्प्युटरांवर उजेड चढवला होता. त्यांनी फोन करून ताईला झापले, "इतकं भिकार सॉफ्टवेअर विकता कशाला हो? मुलं खोळंबलीत माझी."

"सर, आम्ही तुम्हाला ते विकलेलंच नाहीये," ताई म्हणाली.

"म्हणजे मदत करणार नाही? बरं, सांगतो सगळ्यांना, कशी कंपनी आहे ते."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय! तरीही ताई जमेल तेवढे सांगत राही. म्हणे, आज फुकट वापरतायत, उद्या आवडलं तर विकत घेतील. दादाला हे पटेना. एक आठवडाभर तो ताईशेजारी खुर्ची टाकून बसला आणि प्रत्येक फोन ऐकला. दहातले सात फोन चोरट्या डिस्कवाल्यांचे निघाले. आठवड्याच्या शेवटी तो उठला, आत गेला आणि दार लावून घेतले.

महिन्याभराने त्याने उजेडची नवी आवृत्ती काढली आणि जुन्या गिऱ्हाइकांनाही पाठवली. तिच्यात एक सापळा होता. उजेड ज्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा चढवला, त्याची खूण तो लक्षात ठेवी. पुढे तीच प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसली की तो बंद पडत नसे, काही बोलतही नसे. फक्त चित्रातल्या सावल्या उलट्या पाडी. सूर्य डावीकडे असला तर सावलीही डावीकडेच.

ताईला ते आवडले नाही. "दादा, सरळ 'प्रत चोरीची आहे' असं लिहून बंद कर ना. हे असं केलंस तर लोकांना वाटेल, उजेडच वाईट आहे."

"वाटू दे."

"अरे, पण चुकून एखादा आपला माणूस सापडला तर?"

"आपला माणूस कशाला सापडेल? ज्याच्या मनात पाप नाही, त्याला कसली भीती?"

त्याने एका कागदावर ठळक अक्षरात एक वाक्य लिहिले आणि माझ्या वरच्या भिंतीवर चिकटवले: 'तुमची प्रत चोरीची आहे. आम्ही चोरांना मदत करत नाही.' कुणी उलट्या सावल्यांची तक्रार केली की एवढेच वाचायचे आणि फोन ठेवायचा.

मग काय, रोज तेच! दादा माझे स्पीकरचे बटण दाबून ठेवी आणि समोरचा माणूस कसा चाचरतो ते ऐकून हसे. आधी ताई ते वाक्य खाली मान घालून वाचत असे. पुढे सवयीने पाठ झाले. ज्या आवाजाने ती उंदराचे बटण समजावून सांगायची, त्या आवाजाला धार आली. मित्रांनो, माणूस एकदम कठोर होत नाही. रोज थोडा थोडा होतो. मी तिच्या तोंडापासून चार बोटांवर होतो, म्हणून मला ते कळले.

आणि एका दुपारी नकाशेकाकांचा फोन आला.

"पोरी, मी बोलतोय. अगं, गंमत झालीय. सावल्या उलट्या पडतायत. उद्या सकाळी शाळेच्या इमारतीची चित्रं दाखवायचीत कमिटीला. काय चुकतंय माझं?"

दादा समोरच उभा होता आणि स्पीकर चालू होता. तिने क्रमांक विचारला. त्यांनी वहीतून एकेक आकडा वाचला. क्रमांक बरोबर होता, यादीत पहिलाच. ताईने तळव्याने माझे तोंड झाकले.

"दादा, काका आहेत रे. क्रमांक त्यांचाच आहे."

"क्रमांक त्यांचा, पण मशीन दुसरं आहे. म्हणजे प्रत कुणाला तरी दिलीय वाटून."

"काका असं करणार नाहीत."

"सगळे असंच वाटायला लावतात. आज त्यांना सोडलं, तर उद्या कुणाला धरणार? वाच."

ताईने तळवा काढला. तिने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही, कारण वाक्य पाठच होते. "तुमची प्रत चोरीची आहे. आम्ही चोरांना मदत करत नाही."

पलीकडे त्यांची वही मिटल्याचा आवाज आला.

"मी?" ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं." आणि रिसीव्हर ठेवला. आपटला नाही. अगदी हळू ठेवला.

तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. तिने फक्त काय झाले ते सांगितले. काकांच्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क जळाली होती. दुरुस्तीवाल्याने नवी बसवली आणि काकांनी आपल्याच खोक्यातून उजेड पुन्हा चढवला. उजेडला वाटले, कॉम्प्युटर दुसरा. हाताने चित्रे काढायला वेळ नव्हता, म्हणून ते तीच चित्रे घेऊन कमिटीपुढे गेले. तिथला एक जण हसत म्हणाला, "आजोबा, तुमच्या शाळेत सूर्य दोन आहेत का?" सगळे हसले. काम दुसऱ्याला गेले.

"पण बाबांना त्याचं काही नाही," मुलगी म्हणाली. "ते एकच म्हणतात, त्या पोरीने मला चोर म्हटलं. त्यांनी नकाशे काढणं सोडलंय. टेबल आवरून ठेवलंय."

ताईने भिंतीवरचा कागद फाडला. आत जाऊन दादासमोर त्याचे तुकडे टाकले. मुलीने सांगितलेली दुरुस्तीची तारीख दादाने यादीशी ताडून पाहिली आणि एवढेच म्हणाला, "मशीनची चूक झाली."

"मशीन फोनवर बोललं नव्हतं, दादा. मी बोलले."

तिने लगेच काकांना फोन लावला. तिने माफी मागितली. काका नेहमीसारखेच सावकाश बोलले. "दिली माफी, पोरी. माफी काय, देता येते. पण तू एकदा विचारायचंस गं, 'काका, मशीन बदललं का?' मी हो म्हणालो असतो."

दादाने सापळा तसाच ठेवला. महिनाअखेरीस ताई कंपनी सोडून गेली. जाताना तिने माझ्यावरची धूळ पुसली.

आता चोरांचे ऐका. त्यांचे काय वाकडे झाले? काही नाही! दोन महिन्यांत बाजारात नवी डिस्क आली. कुणा हुशार माणसाने सापळाच शोधून काढून टाकला होता. चोरांच्या सावल्या सरळ झाल्या आणि कॉम्प्युटर दुरुस्त करून आणलेल्या सावांच्या मात्र उलट्या पडू लागल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी रोज कानांनी ऐकले. रीतसर विकत घेणारी माणसे वैतागून चोरटी डिस्क आणू लागली. 'उजेड म्हणजे उलट्या सावल्या', ही म्हण त्या धंद्यात पडून गेली. शिकवणीवाल्या मास्तरांनी दिलेला शब्द पाळला, सगळ्यांना सांगितले.

माझी घंटा वाजेनाशी झाली. दादा आता बाहेरच्या खोलीत, ताईच्या खुर्चीवर येऊन बसे. एका सकाळी एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो भरभरून बोलत होता. "साहेब, काय प्रोग्राम केलाय हो तुम्ही! काचेतून येणारं ऊन तर असं दिसतं की हात लावावासा वाटतो. मित्राने दिली डिस्क. म्हटलं, सांगावं." दादा नुसता "हं" म्हणाला. पावणेदोन वर्षांच्या त्या गणिताचे असे कौतुक करणारा तो पहिलाच माणूस होता, आणि त्याला ती डिस्क वापरण्यात काही गैर आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते.

दादाने रिसीव्हर ठेवला. मग त्याने गिऱ्हाइकांची यादी ओढली आणि पहिल्या नावापुढचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजली. चौथ्या घंटेला नकाशेकाकांनी फोन उचलला.

"हॅलो. कोण?"

दादाचा श्वास माझ्या तोंडावर येत होता.

"हॅलो, कोण बोलतंय? बोला ना."

दादाने ओठ उघडले. "राँग नंबर," तो म्हणाला आणि मला खाली ठेवले.

त्यानंतर त्याने माझ्यावरून कुणालाच फोन केला नाही. खोल्या सोडताना त्याने माझी वायर भिंतीतून उपटली आणि मी भंगाराच्या पोत्यात गेलो. आता मी एका गोदामात, मोडक्या पंख्यांच्या ढिगात पडून आहे.

मित्रांनो, तुम्हालाही कुणीतरी एखादी डिस्क, एखादा प्रोग्राम, एखादा खेळ देईल आणि म्हणेल, "घे रे, फुकट आहे." त्या वेळी तो करायला कुणीतरी वर्षे घालवली होती, हे आठवा. आणि तुमची वस्तू कुणी चोरली, तर जरूर रागवा. पण त्या रागात समोर येईल त्याला चोर म्हणू नका. आधी विचारा. फोन ठेवण्याआधी विचारा. नंतर नंबर लागतो हो, पण बोलता येत नाही.