दुसऱ्या पानावरची तारीख

निकालाचं पहिलं पान मी लॅमिनेट करून दाराला आतून लावलं होतं. त्यावर न्यायालयाचा गोल शिक्का होता, आणि तो बघूनच माझ्या बहिणीला, धाकटीला, झोप लागायची. तिच्या नवऱ्याने आमच्या घराजवळ फिरकायचं नाही, असा हुकूम. तो मेला रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर, हुकुमात आखलेल्या हद्दीच्या बरोबर पलीकडे उभा राहायचा. मी त्याला पहारेकरी म्हणायचे. काल मात्र त्याने हसून हात हलवला, आणि मी दारावरचं पान उतरवलं.

सकाळी आम्ही दोघी बहिणी पान घेऊन न्यायालयात गेलो. खिडकीतल्या कारकूनबाईंनी विचारलं, "दुसरं पान कुठे आहे?"

"त्यावर शिक्का नव्हता," मी म्हणाले.

त्यांनी फाइल काढून पुढे सरकवली. "मुदत त्याच पानावर असते, ताई. काल संपली."

"निकाल संपतो?" धाकटीने विचारलं.

"असे हुकूम ठरावीक काळापुरतेच असतात. त्यालाही दोन्ही पानं मिळाली होती. नवा अर्ज भरा, आजच तात्पुरता हुकूम मागू."

अर्जात विचारलं होतं, अलीकडे त्याने काय त्रास दिला? धाकटीचं पेन थांबलं. काही केलंच नव्हतं. हुकूम होता म्हणून केलं नव्हतं, एवढी साधी अक्कल त्या अर्जाला नव्हती! मी चिडून तेच लिहायला लावलं. खाली तिने स्वतःहून लिहिलं, 'मला त्याची भीती वाटते.' मग ते पुन्हा गिरवलं.

दुपारी न्यायाधीशांची सही झाली. मला हायसं वाटतंय तोच बाई म्हणाल्या, "बेलीफ प्रत त्याच्या हातात देईल, तेव्हाच हुकूम लागू होईल. पत्ता?"

"आमच्या समोरचा फुटपाथ," धाकटी म्हणाली. दुसरा आम्हाला ठाऊकच नव्हता.

संध्याकाळी बेलीफ आमच्याबरोबरच आला. फुटपाथ रिकामा होता. गेला एकदाचा, म्हणून मला वेड्यासारखं हसू आलं. मग धाकटीने माझं मनगट घट्ट धरलं. वर आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता. जुनी किल्ली त्याच्याकडे होतीच, पण कुलूप बदलायचं आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. हुकूम होता ना!

खिडकी उघडली. "या ना वर," तो म्हणाला. "चहा टाकलाय."

"मी पोलिसांना फोन करतो," बेलीफ कुजबुजला.

"करा. पण चला आधी," धाकटी म्हणाली. ती जिन्याकडे निघाली. "कागद त्याच्या हातात पडायला हवा."