थंडीचा घसा

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता रविंद्र भोयर यांनी न्हाणीघरातून बायकोकडे टॉवेल मागितला आणि तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा मागितला. मग मग्गा बादलीवर आपटला, तेव्हा शामला कणकेच्या हातांनी दाराशी आली.

"तोंड नाही का तुम्हाले? सकाळी सकाळी भांडे वाजवून राहिले."

"आहे तं," रविंद्र म्हणाले. पण बाहेर आली ती नुसती हवा, नळाला पाणी येण्याआधी येते तशी.

कोराडीच्या स्टाफ कॉलनीतल्या त्या क्वार्टरमध्ये तिघं राहत. रविंद्र वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ऑपरेटर, निवृत्तीला थोडाच काळ उरलेला. मुलगी करिष्मा नागपुरात चष्म्याच्या दुकानात कामाला. सकाळच्या बसने जायची, अंधार पडता पडता यायची. पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवण्यात रविंद्रांचा जन्म गेला होता. घरातही ते त्याच पट्टीत बोलत. त्यांनी जेवताना मीठ मागितलं की शेजारच्या घरात कळायचं. तो आवाज दिवाळीपासून बसत चालला होता. पण थंडीत निम्म्या कॉलनीचे घसे बसलेले असतात, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

शामलाने हळदीचं दूध दिलं, मिठाच्या गुळण्या करवल्या, ज्येष्ठमधाची कांडी चघळायला लावली. शर्टाच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी सापडली की ती संडासात टाकायची. तंबाखू-सुपारीच्या त्या लगद्याशी तिचं लग्नापासूनचं वैर होतं. आवाज काही उघडला नाही. शेवटी करिष्माने फेब्रुवारीतल्या एका शनिवारची नाक-कान-घशाच्या डॉक्टरची वेळ घेतली.

"होळी झाल्यावर जाऊ," शामला म्हणाली.

या घरात थंडी होळीलाच संपायची. तसा नियम सासूने, कौसल्याबाईंनी, घालून दिला होता. होळी पेटावी, तिला पाणी फिरवावं, निखारा घरी आणून त्यावर दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीचं पाणी तापवावं. मग रजया दिवाणात, मग कूलर बाहेर. तोवर उन्ह कितीही तापो, रजई पायाशी हवी, माळ्यावरचं काही हलवायचं नाही आणि बदलत्या हवेत दवाखान्याचं काही काढायचं नाही. एका वर्षी शामलाने महाशिवरात्रीलाच रजया बांधून टाकल्या होत्या. चार दिवसांनी गारपीट झाली, कौसल्याबाईंच्या छातीत कफ भरला आणि त्या उठल्या नाहीत. डॉक्टरने कारण वय सांगितलं होतं. नवऱ्याने कधी शब्दाने बोल लावला नव्हता. तरी त्यानंतर शामलाने होळीआधी एक उशीसुद्धा आत ठेवली नाही.

"आई, घशाचा अन् होळीचा काय संबंध?" करिष्माने विचारलं.

"घसा थंडीचा आहे. थंडी गेली का जाईल."

"दुपारी पंखा लावून राहिली तू. कुठे आहे थंडी?"

"पहाटे उठत जा, मंग समजंल तुले."

करिष्माने बापाकडे पाहिलं. रविंद्र पेपर वाचत होते, किंवा तसं दाखवत होते. त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात कुजबुजले, "तिचंच ऐक वं बाई. माह्यं तसंही ऐकू येत नाही."

तिला हसू आलं. तेवढ्यापुरता विषय संपला. दवाखाना त्यांनाही नको होता, हे तिच्या लक्षात आलं होतं. तरी तिने वेळ रद्द केली नाही.

त्या शनिवारच्या दोन दिवस आधी रविंद्रांनी पलंगावरूनच चहा मागितला, आणि तो स्वयंपाकघरात ऐकू आला. खरखरीत होता, पण आवाज होता. शामलाने गॅस बारीक केला आणि पदराने तोंड पुसत बाहेर आली. "म्हना बरं अजून एकदा." त्यांनी म्हटलं. तिने त्यांना करिष्माचं नाव घ्यायला लावलं, मग शेजारच्या केशवला हाक मारायला लावली. केशव ब्रश तोंडात घेऊन गॅलरीत आला आणि काय काम आहे ते कोणालाच सांगता येईना. संध्याकाळी शामलाने करिष्माला वेळ पुढे ढकलायला लावली. करिष्माने होळीनंतरची घेतली. तिनेही त्या दिवशी तो आवाज ऐकला होता.

पुढचे दिवस भरभर तापत गेले. बाजारातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, निबर व्हायला लागला, तशी शामलाने शेवटची सांबारवडी करून घेतली. कडुनिंबाची पानं अंगणभर पडायची. सकाळी झाडावं तो दुपारी पुन्हा तेवढीच. रामटेकच्या रस्त्याला पळस फुलल्याचं केशव सांगत आला. रात्री रजई अंगावर ठेववेना, तरी ती पायाशी घडी घालून असायची. आवाज तीन-चार दिवस राहिला आणि पुन्हा गेला. मग रविंद्र पोळी वरणात कालवून खायला लागले. पाणी पिताना ठसका लागायचा, आणि उजवीकडचा कान दुखतो म्हणून ते कानात कापूस घालून बसायचे. घसा कसा आहे, हे शामलाने रोज विचारणं सोडून दिलं. कॅलेंडरकडे मात्र येता-जाता बघायची.

होळीच्या संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात लाकडं रचली गेली. होळी पेटली की पुरुषमंडळी तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकतात, आणि तिथे पहिली बोंब रविंद्र भोयरांची, हे ठरून गेलेलं होतं. त्यांची बोंब गेटबाहेरच्या कोळशाच्या ट्रकवाल्यांना ऐकू जाते, असं पोरं सांगत. ज्वाळा वर गेली तसे सगळे थांबले.

"मारा गा काकाजी," केशव म्हणाला.

रविंद्रांनी मान मागे टाकली, हात तोंडावर नेला आणि मारत राहिले. फक्त हाताचा फट्-फट् आवाज येत होता. लोकांना वाटलं, गंमत करून राहिले. हशा पिकला; एक-दोघांनी तशीच मुकी बोंब मारून दाखवली. रविंद्रही हात खाली घेऊन हसले. पाण्याचा तांब्या घेऊन समोरच्या बाजूला उभी असलेली शामला हसली नाही. ज्वाळेच्या पलीकडून तिला त्यांच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरा दिसल्या होत्या. तिने प्रदक्षिणा तशीच सोडली, वळसा घालून त्यांच्यापाशी गेली आणि त्यांचा दंड धरून म्हणाली, "चला घरी."

त्या वर्षी निखारा आणायचा राहिला.

धुळवड झाल्यावर तिघं बसने नागपूरला गेले. डॉक्टरने नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर घसा दाखवला. एका बाजूचा स्वरतंतू हलत नव्हता आणि त्याच्यावर पांढरट, खडबडीत काहीतरी होतं.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून," शामला म्हणाली.

"मग इतके दिवस?"

"थंडीचा वाटला."

दोन दिवसांनी भूल देऊन तपासणीसाठी तुकडा काढला. रविंद्रांना बाहेर आणल्यावर शामलाने डॉक्टरला दारात गाठलं.

"फेब्रुवारीत आलो असतो तं काही फरक पडला असता का?"

"रिपोर्ट आल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि आल्यावरही ते सांगता येईलच असं नाही."

घरी आल्यावर तिने रजया दिवाणात टाकल्या. रजयांच्या मधे दरवर्षी घालायची ते फडकं घालायचं विसरली.

रिपोर्टची वाट बघण्यात आठवडा गेला. बुधवारी दुपारी दवाखान्यातून करिष्माला फोन आला. तुकड्याचा बराचसा भाग मेलेल्या पेशींचा निघाला आहे, त्यावरून कर्करोग आहे किंवा नाही हे नक्की सांगता येत नाही. पुन्हा, जरा खोलवरून तुकडा घ्यावा लागेल. करिष्माने लगेच आईला फोन लावला. शामलाने सगळं ऐकून घेतलं आणि लवकरात लवकरची वेळ घे, असं सांगितलं.

डॉक्टर बाहेरगावी आहेत. मिळाली ती वेळ पुढच्या मंगळवारची आहे.