समोरच्याची कुपी

ताईच्या हाताखालून सव्वीस वर्षं गांजाच गेला. पोलिसांनी पकडलेला माल प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर यायचा. ती चिमूटभर काचेच्या नळीत टाकायची, वर रसायनाचे थेंब सोडायची, आणि जांभळा रंग चढला की कागदावर एकच शब्द लिहायची: आहे. त्या एका शब्दावर माणसं तुरुंगात जायची. ताईला त्यांची कधी दया आली नाही, आणि आली असती तरी तिने ती सीलबंद करून कपाटात ठेवली असती.

तिथला नियम मात्र न्यायाचा होता. कुठल्याही मालाचे नमुने दोन. एक आपला, तपासायचा. दुसरा समोरच्याचा, म्हणजे आरोपीचा, निकाल पटला नाही तर त्याने तो बाहेर तपासून घ्यावा. समोरच्याच्या कुपीवर लाखेचं सील, तारीख, सही. तिला प्रयोगशाळेतल्या कुणी हात लावायचा नाही, आणि उरलेला माल नष्ट करायचा तर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. समोरच्याचं सील ताईने आजवर एकदाही फोडलं नव्हतं.

त्या वर्षी सरकारच्या डोक्यात आलं की दुखणेकऱ्यांना औषध म्हणून गांजा द्यावा की काय. लोकांची मतं ऐकायला समिती बसली. विरोधात बोलायला प्रयोगशाळेने ताईचं नाव दिलं, आणि ताई अगदी खुशीत भाषण लिहायला बसली. "उद्या चोरही म्हणतील, आमची चोरी औषधापुरतीच," हे वाक्य तर तिने आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं.

त्याच रविवारी धाकट्या भावाकडे, फ्रिजमध्ये, जॅमच्या बरणीमागे तिला बाटली सापडली.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. अंगाने ताईच्या दुप्पट, तरी सगळे त्याला बारक्याच म्हणत. आई त्याच्याकडे असे. आईला कॅन्सर, केमोचे चार डोस झालेले, चार बाकी. दुसऱ्या डोसनंतर तिच्या पोटात पाण्याचा घोट टिकेना. गेला महिनाभर मात्र ती वाटीभर भात संपवून वर सूप मागत होती, आणि ताई जगाला सांगत सुटली होती की हा मी आणलेल्या नव्या गोळीचा गुण. तिने बाटलीचं बूच काढून वास घेतला, गांजाचं तेल होतं ते, आणि गोळीचं श्रेय जागच्या जागी संपलं.

"हे काय आहे?"

"वास आला ना? मग विचारतेस कशाला?" बारक्या म्हणाला. "जिभेखाली चार थेंब सकाळी, चार संध्याकाळी. आई जेवते. तुझ्या गोळ्या कधीच फेकल्या मी."

"गुन्हा आहे हा! कुणी बनवलं, त्यात काय कालवलंय, ठाऊक आहे तुला? उद्या तिला काही झालं तर?"

"आणि उपाशी मेली तर? ते बसतं ना तुझ्या कायद्यात?"

भावजय मध्ये पडायला आली, तर दोघांनी तिला एकाच दमात गप्प बसवलं. तेवढ्या एका बाबतीत भावंडांचं एकमत झालं.

इतर बायकांच्या पर्समध्ये सेफ्टी पिना असतात, ताईच्या पर्समध्ये रिकाम्या कुप्या असत. तिने दोन कुप्या भरल्या, घरात लाख नव्हती म्हणून मेणबत्ती पेटवून बुचांवर मेण ओतलं, तारीख घातली, सही केली, दुसरीवर लिहिलं: समोरच्याची. मग उरलेली बाटली आणि एक कागद घेऊन सिंकपाशी गेली आणि म्हणाली, "दोन साक्षीदार लागतील."

बारक्या धावून आला. "हात लावून तर बघ!"

"राहू दे रे," दारातून आई म्हणाली. भिंतीला धरून ती कधी उठून आली होती कुणाला कळलं नव्हतं. तिने ताईचा कागद ओढून घेतला, सही केली आणि पेन सुनेपुढे धरलं. "कर गं सही. उगाच हिची नोकरी जाईल."

बाटली सिंकमध्ये गेली. ताईने वरून नळही सोडला.

"तू बहीण नाहीस," बारक्या म्हणाला, "रबरी शिक्का आहेस. चालती हो."

सोमवारी पहिल्या कुपीतले थेंब नळीत पडले आणि जांभळा रंग चढला. आहे. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर विकणाऱ्याचा फोन नंबर होता, तो तिने वरिष्ठांना देऊन टाकला. भावाचं नाव तेवढं गाळलं. आपलं माणूस एवढं तीही ओळखत होती. दुसरी कुपी पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिली.

आईच्या उलट्या पुन्हा सुरू झाल्या. फोनवर भावजय एवढंच बोलली, की वजन चाळीसच्या खाली गेलं तर डॉक्टर पुढचा डोस देणार नाहीत, येत्या मंगळवारी वजन करायचंय. ताई म्हणाली, "गोळ्या पुन्हा आणा आणि नियमाने द्या," आणि भाषणाचा कागद इस्त्रीच्या साडीवर ठेवला.

गुरुवारी समितीपुढे ती छान बोलली. चोराच्या वाक्याला टाळ्याही पडल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा मागच्या रांगेत बारक्या उभा होता, कामाच्या कपड्यांत, हाताला ग्रीस.

"मला फक्त या बाईंना प्रश्न विचारायचाय," तो म्हणाला. "यांची चाचणी काय सांगते? ह्याने माणूस जेवतो की नाही, सांगते?"

"गांजा आहे की नाही, एवढंच सांगते," ताई म्हणाली.

"किती आहे? वाईट काही मिसळलंय?"

"ते आमच्याकडे बघत नाहीत."

"म्हणजे सव्वीस वर्षं नुसतं आहे आणि नाही! माझ्या आईचं औषध यांनी सिंकमध्ये ओतलं, साहेब. आईची सही घेऊन."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष म्हातारे होते, चष्मा पुसत त्यांनी साधंच विचारलं, "बाई, तुमच्या आईचं वजन आता किती आहे?"

चिमूटभर मालही मिलिग्रॅमपर्यंत तोलून घेणाऱ्या ताईला आईचं वजन सांगता येईना. तिने कागद चाळला, जणू त्यात कुठे लिहिलेलं असेल.

"साडेअडतीस," मागून बारक्या म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी ताई त्याच्या दारात उभी राहिली. त्याने दार अर्धंच उघडलं. ती त्याच्या काखेखालून आत शिरली. आई पलंगावर बादलीवर वाकलेली होती. मानेची हाडं मोजता आली असती.

ताईने पर्समधून कुपी काढली. सवयीने तिचे डोळे साक्षीदार शोधू लागले, आणि मग तिला स्वतःचीच चीड आली. ही कुपी कुणाची, हे तिच्याच अक्षरात वर लिहिलेलं होतं: समोरच्याची. तिने ती आईच्या हातात दिली.

"तुझी आहे," ती म्हणाली. "तूच फोड."

आईच्या नखांत तेवढा जोर नव्हता. शेवटी मेण ताईनेच उकरलं आणि चार थेंब मोजून जिभेखाली सोडले. बारक्या कागदाचा तुकडा घेऊन आला.

"सही कुठे करू?"

ते ताईला लागू होतं, तिने घेतलं.

तासाभराने आई बसून ताईने केलेलं सूप प्यायली. दोन भावंडं तिच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे न बघता. ताईने कुपी दिव्याकडे धरून पाहिली.

"मंगळवारपर्यंत पुरेल," ती हळू म्हणाली. "पण पुढे चार डोस आहेत. कुठून आणतोस सांग. मी जाते."

बारक्या हसला. ते हसू बघवत नव्हतं.

"त्याला काल उचलला. कुणीतरी नंबर दिला म्हणे." त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बघून त्याला कळायचं ते कळलं. तो म्हणाला, "चौदा बाटल्या सापडल्या त्याच्याकडे. सोमवारी तुझ्याच टेबलावर येतील. बघ जांभळा रंग चढतोय का."

आईने रिकामी वाटी ताईपुढे धरली. कितीतरी दिवसांनी तिच्या गालांवर थोडा रंग होता.

"छान लागलं गं," ती म्हणाली. "उद्याही हेच कर."