दोनशे बारा खिडक्या आणि मी

मी दोन फुटांची लाकडी पट्टी बोलतेय. ताठ बसून ऐका, मध्ये हसू नका. निम्मं आयुष्य शाळेत गेलंय माझं. वाकडं काही दिसलं की माझं डोकं फिरतं.

एका सुताराने शाळेचं कपाट केलं, त्यातून उरलेल्या फळीतून माझा जन्म झाला. सुतार कामाला चोख. एक डोळा मिटून माझ्याकडे बघायचा, रंधा मारायचा, पुन्हा बघायचा. एक ते चोवीस आकडे त्याने तापलेल्या लोखंडाने माझ्या अंगावर डागले. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण तेव्हापासून मी नाकावर माशी बसू दिली नाही.

शाळेत भूमितीच्या बाईंनी मला हाताशी धरलं. त्या फळ्यावर मला धरूनच रेघ ओढत आणि माझ्याच टोकाने ती दाखवत. "हे काय?" टक्. "आणि हे?" टक्. उत्तर चुकलं की टक् जरा जोरात. पोरांच्या हातावर मात्र मी एकदाही बसले नाही, बाईंना ते खपत नसे. हे लिहून ठेवा, कारण आमच्या जातीबद्दल लोक काहीबाही बोलतात.

बाईंचे यजमान चित्रकार. एका रविवारी बाईंनी मला घरी नेलं, तेव्हा तो म्हणाला, "जरा दे गं ती पट्टी." ते जरा अजून संपलेलं नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीच्या खिडकीतून सगळा रस्ता दिसायचा. समोर चार मजली इमारती, खाली सलून, त्यापलीकडे शिंप्याचं दुकान, वर पाण्याच्या टाक्या आणि वायरींचा गुंता. हा रस्ता जसाच्या तसा काढायचा, असं चित्रकाराच्या मनाने घेतलं. पाच फुटी कॅनव्हास, दोनशे बारा खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीच्या चार रेघा. गुणाकार तुम्ही करा. माझ्याशिवाय त्याचं पान हलत नसे. चित्र आम्ही दोघं काढतोय, असंच मी धरून चालले होते. रंग तेवढे तो भरायचा.

टर्पेंटाइनच्या वासाने बाईंचं डोकं उठायचं, म्हणून घराचं दार सताड उघडं असे. मग शेजारी काय गप्प बसतात होय? समोरच्या इमारतीतल्या काकू पहिल्या आल्या.

"हुबेहूब आहे हो. फक्त आमच्या गॅलरीत टॉवेल तीन असतात, तुम्ही दोनच दाखवलेत."

चित्रकार पडला भिडस्त. त्याने तिसरा टॉवेल काढून दिला आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. सांगितलं की बदलून मिळतं, ही बातमी संध्याकाळपर्यंत रस्ताभर झाली. कुणाला भिंतीवरची ओल पुसून हवी होती, कुणाला आपली गाडी सावलीत. सलूनवाल्याने दुकानाला निळा रंग दिला आणि वर येऊन सांगून गेला, "आमचं झालं, आता तुमचंही उरकून घ्या."

शिंपीमास्तर तर गळ्यातली टेप काढूनच आत आले. आधी त्यांनी मोजलं, मग माझ्याकडून पुन्हा मोजून घेतलं.

"सलून माझ्या दुकानापेक्षा दीड इंच रुंद आलंय. खाली दोन्ही दुकानं सारखी आहेत."

"मास्तर, सलून जवळ आहे ना. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान."

"गिऱ्हाईक लांब उभं राहिलं म्हणून मी त्याचा शर्ट आखूड शिवत नाही."

खरं सांगायचं तर मला मास्तरांचंच पटलं.

असं करता करता अडीच वर्षं गेली. चित्र संपेना, कारण रस्ताच थांबेना. आणि एके दिवशी पत्र आलं. शहराच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, चित्र पंधरा दिवसांत पाठवायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून त्याचं चित्र मागितलं होतं. पत्र वाचून तो खुर्चीत बसतोय तोच काकू दारात. "अहो, आम्ही गॅलरी बंद करून घेतली, काचा लावल्या. दाखवाल ना?"

काकू गेल्यावर त्याने घरातला सगळ्यात रुंद ब्रश काढला आणि काकूंची गॅलरी टॉवेलांसकट पुसून टाकली.

मग सुटलाच. दुसऱ्या दिवशी माणसं गेली, तिसऱ्या दिवशी गाड्या. दोनशे बारा खिडक्यांच्या चाळीस झाल्या, चाळीस खिडक्यांचे ठिपके झाले, आणि एका सकाळी ठिपकेही गेले. उरले नुसते रंग. "आता सांगा म्हणावं काय दुरुस्त करायचं ते," तो म्हणाला. शेजारी आले, बघून आल्या पावली परत गेले. काकूंनी जाताना बाईंना हळूच विचारलं, "यांची तब्येत बरी आहे ना?"

माझी तर पार रया गेली. रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटायची, खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत उभं राहायचं, पाल हाकलायची. चोवीस आकडे अंगावर मिरवणारी मी, आणि पालीच्या मागे! रडू यायचं बाकी होतं.

इतकं करून चित्र जमत होतं म्हणाल, तर तेही नाही. पाण्यात पडलेल्या साबणासारखा सगळा रस्ता पसरला होता. चित्रकाराला ते दिसत होतं. तासन् तास तो गालाला हात लावून समोर बसायचा.

तीन दिवस राहिले असताना कॅनव्हास मागून सैल पडला. आधाराला फूटभर लाकूड हवं होतं. त्याची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्याने माझ्या बाराव्या आकड्यावर पेन्सिलने खूण केली, मला टेबलावर आडवं ठेवलं आणि करवत आणली. जन्मभर मी दुसऱ्यांना मोजलं, आणि आता मलाच मोजून कापणार.

तेवढ्यात बाई शाळेतून आल्या.

"करवत खाली ठेव."

"अगं, साधी पट्टी तर आहे. तुला नवी आणून देतो."

बाईंनी मला झटक्यात उचललं. टेबलावर काळा रंग सांडलेला होता आणि माझी कड त्यात पडून चांगली भिजली होती. ते दोघांनीही पाहिलं नाही.

"अडीच वर्षं पुढची खोली दिली तुला. काकूंचे टॉवेल ऐकले, मास्तरांची टेप ऐकली. आणि शेवटी हे काय?" वर्गातल्या सवयीने त्यांनी मला चित्रावर मारलं. फळ्यावर टक् वाजायचं, इथे थप् वाजलं. "इमारत म्हणायची का हिला?" थप्. "सरळ उभी तरी राहू दे." थप्, थप्.

मग त्यांचा हात थांबला. चित्रावर चार काळ्या, उभ्या रेघा उमटल्या होत्या.

"चुकलं रे. पुसून देते मी."

चित्रकार चित्राकडे बघत होता. पसरलेले रंग त्या रेघांना धरून उभे राहिले होते. दोन रेघांमध्ये इमारत दिसत होती, शेजारी बोळ.

"पुसू नकोस," तो म्हणाला. "अजून थोडं रागाव."

"आता राग कुठून आणू?"

"तिसरा टॉवेल आठव."

थप्.

त्यानंतर दोन दिवस मी रंगात बुडालेली होते. कडेने बारीक रेघ, अंगाने रुंद, कोपऱ्याने टिंब. कधी ती, कधी तो. एकही रेघ मोजून मारली नाही. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हळूहळू मजा यायला लागली, आणि मजा येतेय हे कबूल करायला मला आणखी एक दिवस लागला.

प्रदर्शनाला अख्खा रस्ता आला. मी बाईंच्या पिशवीत होते. शिंपीमास्तर चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि एका पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे आमचं दुकान. या खेपेला बरोबर आलंय."

"ते सलून आहे," सलूनवाला म्हणाला.

मास्तरांनी टेप काढली. चित्रकार शेजारीच उभा होता, पण त्याला कुणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर बाई घडीचा चाकू घेऊन बसल्या आणि माझ्या अंगावरचा वाळलेला रंग खरवडू लागल्या. आकडे पार बुजले होते. सोमवारी भूमितीचा तास होता. चित्रकाराने नवा कोरा कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला होता, पण मला मागायची त्याची हिंमत होत नव्हती. एक दिसू लागला, दोन दिसला, तीन, चार. बाईंनी मान वर करून त्या कोऱ्या कॅनव्हासकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि चाकू मिटला.

"का थांबलीस?"

"पुढचे मला पाठ आहेत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला ब्रशांच्या बरणीत ठेवलं.