मायक्रोस्कोपच्या शेजारची जागा

नव्या वैद्यकीय संशोधन इमारतीचा नकाशा बाईंच्या घरीच, जेवणाच्या टेबलावर तयार झाला, आणि त्याच टेबलावर बसून बाईंनी त्याला नावं ठेवायला सुरुवात केली. नवरा विद्यापीठाचा मुख्य इंजिनिअर. त्याने कागदावर सहा मजले उभे केले होते ते थेट मुख्य फाटकाशी, रस्त्याने जाणाऱ्याची मान वळेल असे. बाई स्नायूंच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या. त्यांचा विभाग कित्येक वर्षं जुन्या इमारतीच्या तळघरात नांदत होता.

"अहो, इमारत फाटकाशी आणि मायक्रोस्कोप पार दुसऱ्या टोकाला. आम्ही काय दुर्बीण लावून बघायचं?"

"पेशंटना फाटक जवळ पडतं."

"पेशंटची गाडी आतपर्यंत येईल. पण त्याच्या मांडीतून काढलेला तुकडा वाटेतच मरतो, त्याचं काय?"

बाई उगीच बोलत नव्हत्या. मागच्याच महिन्यात एका मुलीच्या स्नायूचा जिवंत तुकडा व्हॅनमधून मायक्रोस्कोप केंद्राकडे निघाला. हे केंद्र सगळ्या विभागांचं मिळून एकच. वाटेत पदवीदानाच्या गर्दीत व्हॅन अडकली आणि तुकडा पोचला तेव्हा त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोरीला पुन्हा कापावं लागणार, हे तिच्या आईला सांगायचं बाईंच्या वाट्याला आलं. आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त 'बरं' म्हणाली आणि पोरीच्या पायात बूट घालू लागली. बाईंना ते फार लागलं. इमारत होईल तर मायक्रोस्कोपच्या शेजारीच, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

शेजारी म्हणजे केंद्राच्या प्रमुखाच्या अगदी दारात. त्याला सगळे हळूबुवा म्हणत. त्याच्या यंत्राला दार आपटलेलंही खपत नसे, म्हणून तो येणाऱ्याजाणाऱ्याला "हळू, हळू" करत असायचा. पाया खोदायचं नाव काढताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण बाईंनी पाठ सोडली नाही. रोज चहाच्या वेळी त्याच्या खोलीत जाऊन बसायच्या आणि त्याच्याइतक्याच हळू आवाजात तेच तेच सांगायच्या. शेवटी हळूबुवाने हात टेकले.

"दोन मजले," तो म्हणाला. "खोल पाया नको, आणि खोदकाम फक्त सुट्टीत, यंत्र बंद असताना. तिसरा मजला आला तर मी दारात आडवा पडेन."

विद्यापीठाच्या इमारत समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी नेमकं तेच धरलं. "दोन मजल्यांत तुमचा विभाग मावणार कसा? फाटकाशी गेलात तर सगळे उजेडात याल."

बाईंच्या शेजारी त्यांची सहकारीण बसली होती. तळघरातल्या ओलीने तिला बारा महिने सर्दी. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने नाक पुसलं आणि होकारार्थी मान हलवली.

"विभाग मावणार नाही," बाई म्हणाल्या. "शस्त्रक्रियेची खोली आणि नमुन्यांची खोली तिकडे जाईल. आम्ही आहोत तिथेच राहू."

"इंजिनिअरसाहेब, तुमचं काय म्हणणं?"

नवऱ्याने बायकोकडे न बघता घसा खाकरला. "मॅडम म्हणतात तिथे दोन मजले होतील." ठराव मंजूर झाला.

संध्याकाळी नवरा टेबलाशी बसून फाटकाजवळचा नकाशा गुंडाळत होता.

"सहाव्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली तुझी होती," तो म्हणाला. "दोन मोठ्या खिडक्या काढल्या होत्या. तुला मुद्दाम सांगितलं नाही."

"पहिल्याच दिवशी ओळखली होती मी."

एवढं बोलून बाईंना रडू फुटलं. उरलेली सगळी नोकरी आता तळघरात काढायची होती, आणि उजेडाची हौस त्यांनाही होतीच. नवऱ्याने पाणी आणून दिलं. त्या तोंड धुऊन आल्या आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"त्या खिडक्या फुकट घालवू नका. नमुन्यांच्या खोलीला लागून एक छोटी खोली काढा आणि दोन्ही तिथे लावा. तुकडा आत गेला की पोरांच्या आया तिथे बसतील."

"आणि तू?"

"निकाल सांगायला मी तिथे येईनच की. तेवढा उजेड पुरे मला."