ट्रकची खांदेमळण

माझ्या मेव्हण्याला मी चोर ठरवलं ते चामड्याच्या एका कड्यापायी. बांगडीएवढं कडं. त्याला सील म्हणतात.

वालुरात त्या वेळी ट्रक असलेला मी एकटाच. फौजेच्या लिलावातला, लांब नाकाचा, हिरवा रंग उडालेला. सगळे आसारामचा ट्रक म्हणायचे, पण चालवायचा पंडित आणि दुरुस्त करायचाही पंडितच. हा पंडित म्हणजे माझ्या बायकोचा, कोकिळेचा, पाठचा भाऊ, गाव चुडावा. सिकंदराबादेला एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं हात काळे करून आलेला. रेटून चालवण्यापलीकडं मला ट्रकमधलं फारसं कळत नव्हतं. पण मालक मी होतो, आणि मालकाला सगळं कळतं असं मी धरून चाललो होतो.

कापसाचा हंगाम जवळ आला की वालूरचा कापूस मानवतला पोचवायचं काम माझंच. त्या साली पोळा झाला आणि आठ दिवसांत ट्रकच्या मागच्या आसाखाली तेलाचा डाग दिसायला लागला. मागच्या आसाच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाचा जोर शाफ्टनं त्या गोळ्यात येतो आणि तिथून दोन्ही चाकांना वाटला जातो. आत घट्ट तेल असतं. शाफ्ट जिथून आत शिरतो तिथं तेल अडवून धरायला ते चामड्याचं सील. ते गळालं की तेल संपतं, तेल संपलं की आतले दात झिजतात, आणि मग ट्रक दारात कोंबड्यांना अंडी घालायला उभा.

पंडितनं सील बदललं. आठ दिवसांत पुन्हा गळालं. नांदेडहून दुसरं आणलं, तेही बसवलं. तेही गळालं.

"दाजी, मला गोळा जरा वरून घासून बघू द्या," तो म्हणाला. "पोळ्याचा शेंदूर लय जाड बसलाय."

"पोळ्याचं लावलेलं घासायचं न्हाई," मी खेकसलो. "नाचता येईना, अंगण वाकडं. सील नीट बसवता येत न्हाई आन देवाला नख लावायलायस?"

तो पाना उचलून परत ट्रकखाली गेला. मेव्हणा असला तरी माझ्या घरचं खाणारा, किती बोलणार?

त्याच आठवड्यात कानावर आलं की मानवतच्या दिनकररावांनी नवा ट्रक घेतलाय आणि त्यांना पंडित हवाय. झालं. माझ्या डोक्यात गाडी सुटली ती थांबेचना. हा जाणूनबुजून सील कापतो, माझा ट्रक बसवतो आणि हंगामाच्या तोंडावर मानवतला पळतो. चावडीपुढं वीस माणसांत मी त्याला हे तोंडावर बोललो. चोर म्हणालो, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणालो. पंडितनं हातातला पाना माझ्या पायापाशी टाकला.

"दाजी, बहिणीकडं बघून गप बसलो," एवढंच म्हणाला आणि रेल्वे धरायला निघून गेला.

मी तेवढ्यावर थांबणारा नव्हतो. सगळ्यांदेखत बेलभंडार उचलून शपथ घेतली, की पंडितचा पाय माझ्या उंबऱ्याला लागू देणार नाही. घरी आलो तर कोकिळा दारात उभी. तिला आधीच कळलं होतं. आमच्या गावात बातमीला पाय नसतात, पंख असतात.

"भाऊबीज महिन्यावर आली," ती म्हणाली. "मला एकच भाऊ हाय."

"तुझा भाऊ चोर हाय."

"त्यानं कापलं हे तुमी बघितलाव?"

"बघायचं काय त्यात? दोन सीलं गेली!"

"मंग तिसरं तुमी बसवा. सोताच्या हातानं. ते टिकलं तर माझा भाऊ चोर, मी पुन्यांदा त्याचं नाव काढणार न्हाई. गळालं तर तुमी चुडाव्याला जाऊन त्याचे पाय धरायचे आन भाऊबीजेला घेऊन यायचं. उचला बेलभंडार."

पुरुषाला असं बोलणारी बायको मला पटत नाही, तेव्हाही पटली नव्हती. पण मी उचलला. पंडितला दोनदा करताना बघितलं होतं, त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

सील यायला दिवस गेले. दिवाळी पंधरा दिवसांवर असताना मी शेतातून ट्रक आणला आणि अंगणात उभा केला. पुढच्या चाकांना धोंडे लावले, मागून जॅक लावून उचलला आणि आसाखाली बाभळीचे दोन ओंडके सारले. हाताखाली माणूस हवा होता. गावातल्या कुणाला बोलवावं तर हसू झालं असतं, म्हणून कोकिळाच पोत्यावर पाने मांडून बसली.

"मोठा पाना दे."

तिनं पाना दिला नाही, टाकला. माझ्या नडगीवर.

"डोळे फुटले का?"

"मोठा मागितलाव, मोठा दिला."

असं ते काम चाललं होतं. शाफ्ट सोडायच्या आधी पंडित खडूनं खूण करायचा, म्हणजे पुन्हा जसाच्या तसा बसतो. मी विसरलो. कोकिळेनंच तव्याखालचा कोळसा आणून माझ्यापुढं आदळला. ती खूण मी केली, पण तिला बरं केलंस असं म्हणालो नाही. मधला मोठा नट काही केल्या सुटेना. पान्याला लोखंडी नळी जोडली, लाथ मारली, आणि पाना सटकून माझी बोटं गोळ्यावर सोलवटली. मी पंडितच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या पिढ्या कोकिळेच्याही होत्या. तिनं पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि तोंड फिरवून बसली.

नट सुटला. जुनं सील उचकटून काढलं. मी ते उन्हात धरून पाहिलं. कापल्याची खूण कुठं दिसते का म्हणून बोट फिरवलं. कड चांगली गोल, गुळगुळीत होती. मी ते सील लांब भिरकावलं, म्हणजे कोकिळेला दिसू नये. नवं सील रात्रभर तेलात भिजत घातलं होतं. चामड्याची कड आतल्या बाजूला ठेवून, वर लाकडाची चकती धरून हलक्या हातानं ठोकत बसवलं. सगळं जागच्या जागी आवळलं. जेवणवेळ टळून गेली तेव्हा फक्त तेल भरायचं राहिलं होतं.

तेल भरायचा बूच सोडताना पाना पुन्हा सटकला आणि वर, गोळ्याच्या माथ्यावर, जाऊन आदळला. शेंदराची एक खपली माझ्या तोंडावर पडली.

आता पोळ्याचं सांगायला हवं. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडं बैलांची खांदेमळण करतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं. त्या साली माझ्या मनानं घेतलं, की माझा ट्रक दहा बैलांचं ओढतो, त्याचीच खांदेमळण का नको? पण ट्रकला खांदा कुठला? मी ठरवलं, जोर जिथून निघतो तो मागचा गोळा म्हणजे खांदा. वाटी घेऊन मी ट्रकखाली शिरलो. वरून हळद-लोणी चोळलं आणि दुसऱ्या दिवशी जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर बोट बोट जाड थापला. लोक बघायला जमले होते. पंडित त्या दिवशी सणाला चुडाव्याला गेला होता.

खपली पडली तिथं पितळेची लहानशी टोपी उघडी पडली होती. टोपीला ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र, आणि छिद्रात हळद-शेंदराचा गच्च बुच्चा. मी उताणा पडल्या पडल्या तिच्याकडं बघत राहिलो. ट्रक आणला त्या वर्षी पंडितनं मला ती टोपी दाखवली होती. "दाजी, हे याचं नाक. गोळा तापला की आतली वाफ हितून बाहेर पडती." नाक मी बंद केलं होतं. वाफेला वाट राहिली नाही, मग ती तेलाला ढकलत सीलमधून बाहेर निघत होती. झाकण दाबून धरलेलं तपेलं कडेनं उतू जातं, तसं. पंडितनं शंभर सीलं बसवली असती तरी शंभर गळाली असती. आणि वरून घासून बघू द्या म्हणाला तेव्हा मीच त्याला हाकलला होता.

बाहेर कोकिळेचे पाय दिसत होते.

"काय झालं?" तिनं विचारलं. दिवसभरात तिनं आपणहून काढलेला तो पहिला शब्द.

तेव्हा बोलायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण चावडीपुढची वीस तोंडं माझ्या डोळ्यांपुढं आली.

"काय न्हाई. चिंधी दे."

तिनं चिंधी दिली. मी काट्यानं छिद्र मोकळं केलं, टोपी पुसली, तेल भरलं आणि बाहेर आलो.

कोकिळा लबाडीला जागा ठेवणारी नव्हती. रोज सांजेला ट्रक दारात आला की ती चुलीतली राख चाळून आसाखाली पसरायची. थेंब पडला तर सकाळी राखेत काळा दिसणार. पहिल्या सकाळी राख कोरडी. दुसऱ्या सकाळी कोरडी. मानवतच्या तीन खेपा झाल्या, तरी कोरडी. ती वाकून बघायची, मग मान वर करून माझ्याकडं बघायची आणि राख झाडून घरात जायची.

गाव तर काय, वाटच बघत होता. शेजारचा सटवाजी ट्रकखाली डोकावून म्हणाला, "म्हंजी पंडित्यानंच केलं तर! आसाराम, तुझी नजर लय पक्की." मी नुसता हसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच फाशी द्यायला उभा होता. गोष्ट मानवतला गेली. त्यांच्याकडं कामाला गेलेल्या पंडितला दिनकररावांनी परत पाठवलं. "जो दाजीचा झाला न्हाई तो माझा काय होनार," असं म्हणाले म्हणे. पंडित चुडाव्याच्या स्टेशनावर पोती उचलायला लागलाय, हेही कळलं. ते मी ऐकलं आणि त्या दिवशी बैलाला विनाकारण मारलं.

त्याच दिवाळीच्या तोंडावर राज्यं नव्यानं आखली गेली आणि आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो. चावडीवर पेढे वाटले. मीही खाल्ले. गोड काही लागले नाहीत.

भाऊबीजेच्या दिवशी कोकिळेनं न्हाऊन ठेवणीतलं लुगडं नेसलं. ताटात निरांजन, अक्षता, सुपारी घेतली. मला वाटलं देवापुढं लावणार असेल. दिवस मावळला तशी ती अंगणात आली. पश्चिमेला बीजेची कोर होती, नखाएवढी. तिनं पदर डोक्यावर घेतला, कोरीकडं तोंड केलं आणि ताट ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. जिला भाऊ नाही ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते.

मला ते सोसवेना. "अगं, जिता भाऊ हाय तुला! हे काय करायलीस?"

ती अक्षता टाकत राहिली.

"पंडितनं न्हाई केलं," मी म्हणालो. आवाज चढला होता, जणू तिच्याशीच भांडत होतो. "म्या केलं. पोळ्याच्या शेंदरानं त्याचं नाक बुजलं व्हतं. मला त्या दिवशीच दिसलं."

"ठावं हाय."

"काय?"

"ती चिंधी म्याच धुतली. शेंदराच्या खपल्या व्हत्या तिच्यात. कशावरच्या हायत ते बघाया मी ट्रकखाली गेले. त्या नाकाचं पंडितनं मलाबी सांगितल्यालं हाय."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"रोज सकाळी राख बघायचे आन तुमचं तोंड बघायचे. म्हनलं, आज बोलताल. उद्या बोलताल. तुमी कसले हाव ते एकदा बघायचंच व्हतं मला."

"उद्या चुडाव्याला जातो," मी म्हणालो. "त्याचे पाय धरतो, वीस माणसांत धरतो. घेऊन येतो त्याला. तू उद्या ओवाळ."

तिनं निरांजन विझवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. डोळ्यांत राग होता, पण तो सगळा माझ्यावर नव्हता.

"तुमी जा. पाय धरा," ती म्हणाली. "पन त्याला हिकडं आनू नगा. तुमची परीक्षा बघत मीबी पंधरा दिस गप बसले, आन तिकडं तो चोर म्हनून पोती उचलीत व्हता. त्याला ओवाळायचं तोंड मला ऱ्हायलं न्हाई."