पिंपातली डावखुरी

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फची काठी आहे. जुनी आहेच, त्यातून डावखुरी, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. माझी जात हायब्रीड. गोल्फमध्ये पहिला लांब फटका मारतो तो ड्रायव्हर. त्याचं डोकं मोठं आणि मिजास त्याहून मोठी. त्याच्या खालोखाल फेअरवे वुड, जमिनीवरचा चेंडू दूर धाडणारा. आणि चेंडू दाट गवतात नाहीतर खाचखळग्यात अडकला, की लोकांना आमची आठवण होते. अडला हरी, दुसरं काय!

कारखान्यात पोलाद ओतून माझं पोकळ डोकं घडवलं गेलं. मग त्यात काळा, हलका दांडा बसला आणि वर रबरी मूठ चढली. माझ्या बहिणींची तोंडं, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, एका दिशेला होती आणि माझं बरोबर उलट्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याला माझा काडीचाही उपयोग नव्हता.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते, डावखुरे. चेंडू झुडपात गेला की ते हसून म्हणायचे, "काढा आमच्या मावशीला बाहेर." मी चेंडू उचलून हिरवळीवर ठेवला, की ते रुमालाने माझं तोंड पुसत. ते दिवस सुखाचे होते. पण एका वर्षी बाजारात नवं मॉडेल आलं आणि डॉक्टरांनी मला जुन्या सामानाच्या दुकानात दिलं. जाताना त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

त्या दुकानात महागडे ड्रायव्हर भिंतीवर टांगलेले असत आणि आम्ही उरलेसुरले दाराजवळच्या पिंपात उभे असू. गिऱ्हाईक आलं की दुकानदार एकच पाठ म्हणून दाखवायचा. "नव्याच्या नादी लागू नका. दोन-तीन वर्षं जुनं घ्या, चेंडू तेवढाच जातो. डोकं हलवून बघा, आत खुळखुळलं तर ठेवून द्या. तोंडाला चीर नाही ना, ते बघा. अंगात जोर कमी असेल तर हलका दांडा घ्या." त्याचं ऐकून लोक पिंपात हात घालत, मला बाहेर काढत, हवेत फिरवत आणि म्हणत, "अरेच्चा, ही तर डावी." मी पुन्हा पिंपात. असं कितीदा झालं ते मोजणंही मी सोडून दिलं. मुठीचं रबर सुकून कडक झालं. शेवटी एकदा भंगारवाला आला, तेव्हा दुकानदार त्याला म्हणाला, "पुढच्या खेपेला हे पिंपच रिकामं करून टाक."

मित्रांनो, भट्टीतून आलेल्याला भट्टीची भीती जास्त असते. त्यानंतर दाराची घंटा वाजली की माझा जीव टांगणीला लागायचा.

अशीच एकदा घंटा वाजली आणि एक बाई आत आल्या. गळ्यात कपडे मोजायची फीत तशीच राहिली होती. कपडे बेतून देणं, उसवलेलं शिवून देणं हा त्यांचा धंदा होता. त्यांना ड्रायव्हर, फेअरवे वुड आणि हायब्रीड असं तिन्ही हवं होतं आणि तिन्ही स्वस्तात हवं होतं.

"खेळणार कोण, वहिनी?" दुकानदाराने विचारलं.

"आमचे हे. गोल्फ शिकवायचे. सगळे सर म्हणतात त्यांना."

"मग त्यांनाच आणा की. सर लोक फार चोखंदळ असतात."

बाई गळ्यातली फीत बोटाला गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आल्या आल्या सगळ्या काठ्या खुणा करून एका विद्यार्थ्याला देऊन टाकल्या. आता भिंतीकडे तोंड करून बसतात. व्यायाम करत नाहीत, दोन घास पोटात जात नाहीत. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, आता हालचाल केली नाही तर नंतर काहीच परत यायचं नाही. माझे सगळे उपाय थकले हो. त्यांच्या पिशवीत तीन काठ्यांना मी विणलेल्या टोप्या असायच्या. मला टोप्या ओळखू येतात, काठ्या नाही."

दुकानदाराने ड्रायव्हर काढून दिला. त्याची किंमत ऐकून त्यांनी तो हळूच परत केला. दुसरा स्वस्त होता, पण हलवल्यावर आत खुळखुळला. फेअरवे वुडचा दांडा इतका जड होता की त्यांना तो एका हाताने पेलवेना. तेवढ्यात दुकानदाराचा फोन वाजला आणि तो आतल्या खोलीत गेला. बाई पिंपाशी आल्या. एकेक काठी काढून त्या फक्त वजन बघत होत्या. माझी पाळी आली. त्यांनी मला डाव्या हातात धरलं, उजव्या हातात धरलं आणि छातीशी घेतलं.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, 'बाई, मी डावी आहे, तुमच्या सरांच्या कामाची नाही.' पण आम्हाला वाचा कुठली? आणि खरं सांगू, मला भंगारात जायचं नव्हतं.

दुकानदार फोन कानाला लावूनच बाहेर आला. पैसे घेत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "विकलेला माल परत घेत नाही बरं का."

घरी सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. शेजारी त्यांची बहीण बसली होती, भावासाठी मुक्कामाला आलेली. बाईंनी कागद सोडून मला सरांच्या मांडीवर ठेवलं. "अहो, बघा तरी काय आणलंय."

सरांनी डाव्या हाताने माझं डोकं फिरवलं. माझं तोंड त्यांना दिसलं. जन्मभर ज्याने दुसऱ्यांना काठ्या निवडून दिल्या, त्याला कळायला कितीसा वेळ लागणार? त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांची थट्टा केली होती. त्यांनी मला ढकलून दिलं. मी दाणकन फरशीवर पडले.

"वहिनी, कशाला छळता त्याला?" नणंद म्हणाली. "जे गेलं ते गेलं. आता बसू द्या त्याला शांत."

"शांत बसणं आणि संपणं यात फरक असतो, ताई. मला काय हौस आहे?"

बाई मला उचलून तशाच दुकानात परत गेल्या. दुकानदाराने आता कुठे मला नीट पाहिलं आणि जीभ चावली. "वहिनी, ही डावखुऱ्यांची. म्हणून तर स्वस्त. पण आता बदलून तरी काय देऊ? उजवी हलकी माझ्याकडे एकही नाही." बाईंनी वाद घातला नाही. रिकामी बस थांबली, तरी त्या चढल्या नाहीत. घरापर्यंत चालत आल्या, मला रस्त्यावरून फरफटत. माझ्या डोक्याचा रंग खरवडला जात होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या बाईंच्या घशातून जो आवाज येत होता, तो रडण्याचा नव्हता. रडून संपल्यावर जो उरतो, तो होता.

घरात न जाता त्या मागच्या अंगणात गेल्या. त्यांच्या विणकामातला लोकरीचा एक गुंडा तिथे पडला होता. त्यांनी मला दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि तो गुंडा बडवायला सुरुवात केली. उजव्या बाजूने उभ्या, माझी पाठ पुढे, तोंड मागे. कधी माती उडे, कधी गवत. गुंडा जागचा हलेना. त्या खेळत नव्हत्या, मित्रांनो. त्या नशिबाला झोडपत होत्या.

मागच्या दारात काहीतरी घासल्याचा आवाज आला. सर खुर्ची सोडून आले होते. चौकटीला धरून, एक पाय ओढत. त्यांचे ओठ वाकडे होत होते. चुकीची पकड, चुकीचे पाय, चुकीची बाजू! ज्या माणसाने आयुष्यभर हेच सुधारलं, त्याला ते बघवेना.

"उ..." सर म्हणाले. मग मान झटकून पुन्हा, "उलट."

बाईंचे हात थांबले. नणंद धावत दारात आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"उलट," सर रागाने म्हणाले. ते अंगणात उतरले. त्यांनी बाईंच्या हातून मला डाव्या हाताने काढून घेतलं आणि गुंड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिथून माझं तोंड बरोबर समोर होतं. त्यांनी एका हाताने मला मागे नेलं, पुढे आणलं, आणि तोल जाऊन आडवे पडले.

दोघी त्यांना उचलायला धावल्या. कोपर सोलवटलं होतं. पण त्यांनी मूठ सोडली नाही. माझ्या कडक रबरावर त्यांची बोटं इतकी आवळली होती की मला डॉक्टरांच्या रुमालाचीही आठवण झाली नाही. उभे राहिल्यावर त्यांनी पुन्हा फटका मारला. गुंडा धागा सोडत नळापर्यंत गेला आणि थांबला.

हे मी तुम्हाला चमत्कार म्हणून सांगत नाही. सरांचा उजवा हात अजून उघडलेला नाही. मैदानावर ते पुन्हा गेले नाहीत, आणि एखाद्या सकाळी ते अजूनही भिंतीकडे तोंड करून बसतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. स्वस्तात काठी घेताना तिची चकाकी बघू नका, ती कोणाच्या हातात जाणार आहे ते बघा. घरी नेल्यावर तिचं तोंड पुसा, मूठ सुकू देऊ नका. आणि घरातलं माणूस गप्प झालं, तर त्याला शांत बसू देण्याची घाई करू नका.

बाई आता शिकल्या आहेत. डाव्या बाजूने कसं उभं राहायचं, अंगठा कुठे ठेवायचा, त्यांना सगळं येतं. एकट्या असल्या की त्या चेंडू थेट कुंपणापर्यंत मारतात, हे मला ठाऊक आहे. पण सकाळी सर अंगणातल्या खुर्चीत येऊन बसले, की त्या मला हमखास चुकीची धरतात आणि वाट बघतात.

"उलट," सर म्हणतात. "पाय... पाय मागे. मान खाली. किती वेळा सांगायचं?"

"सांगा ना अजून एकदा," बाई म्हणतात.